बर्फगाडीचा बेल्ट का तुटतो? एका रबरी पट्ट्याचा इतिहास



इतिहासाच्या या गप्पांमध्ये आपण किल्ले पाहिले, नाणी पाहिली, तहाची कलमं वाचली. आज मी तुमच्यासमोर एक तुटलेला रबरी पट्टा ठेवणार आहे. हसू नका. हा पट्टा माझ्या टेबलावर कसा आला, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी बाबांना घेऊन गुलमर्गला गेलो होतो. बाबांचं वय तेव्हा बहात्तर. सगळं आयुष्य त्यांनी इंदूरला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवलं. त्यामुळे बर्फाच्या आधी त्यांची नजर गेली ती बर्फावर चालणाऱ्या गाडीकडे. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद ट्रॅक, मध्ये मोटरसायकलसारखी लांब सीट. तिकडे तिला स्नो-स्कूटर किंवा स्नो-बाइक म्हणतात, इंग्रजीतलं रूढ नाव स्नोमोबाइल. मी आज सरळ बर्फगाडी म्हणेन.

गाडी जुनी होती. पुढे चालक, मागे मी आणि बाबा, असे तिघं बसून वर निघालो. एका चढावर फाटकन आवाज झाला. इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. जळक्या रबराचा वास सुटला. चालकानं बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बेल्ट गया, साहब. वज़न ज़्यादा हो गया."

जादा बेल्ट त्याच्याकडे नव्हता. तो आठवड्यापूर्वीच वापरून झाला होता. दिवस मावळत आला होता, वरून बर्फ पडायला लागला होता. आम्ही चालत खाली उतरलो. फार अंतर नव्हतं, पण गुडघाभर बर्फात एकेक पाऊल उपसून काढावं लागत होतं. बाबा दर पन्नास पावलांवर थांबत होते. मी त्यांचा दंड धरला होता, आणि सबंध वाटेत माझ्या डोक्यात एकच विचार होता, इथे यांना काही झालं तर मी काय करणार? बाबांच्या कोटाच्या खिशात मात्र तो तुटलेला बेल्ट होता. बर्फातून शोधून त्यांनी तो उचलून घेतला होता.

त्या खिशातल्या पट्ट्याचा इतिहास आज सांगतो. बेल्ट का तुटला, हे शेवटी सांगेन. ते कळायला आधी तो तिथे का आला, हे कळायला हवं.

आधी बर्फ, मग गाडी

कॅनडाच्या क्विबेक प्रांतात वाल्कूर नावाचं एक गाव आहे. तिथे १९०७ मध्ये जोझेफ-आर्मां बोंबार्दिए याचा जन्म झाला. दिल्ली मेट्रोच्या डब्यांमुळे आपल्याकडे बॉम्बार्डियर हे नाव अनेकांनी ऐकलंय. ती कंपनी याच माणसाच्या नावाची.

१९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यानं एका जुन्या फोर्ड मॉडेल टी मोटारीचं इंजिन लाकडी घसरगाडीवर बसवलं आणि मागे लाकडी पंखा लावला. भाऊ पुढे बसून दिशा धरत होता. गाडी गावातून चालली. पण मागे उघडा फिरणारा तो पंखा पाहून वडिलांनी ती लगेच मोडायला लावली.

पोरगा मात्र त्या कल्पनेत अडकला तो कायमचा. कारण त्या काळात तिकडच्या खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात बंद असत. मोटारी गोठ्यात ठेवायच्या आणि चार-पाच महिने घोड्याच्या घसरगाड्या वापरायच्या. डॉक्टर, टपाल, शाळा, सगळं त्या घोड्यांच्या वेगानं चाले.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. पोटातला आजार, तातडीनं दवाखान्यात न्यायला हवं होतं. रस्ते बर्फानं बुजलेले. घराशेजारच्या गॅरेजमध्ये बापाची बर्फगाडी होती, पण ती खोललेल्या अवस्थेत. मूल गेलं.

याच्यावर मी भाष्य करणार नाही. एवढंच लक्षात ठेवा, की या यंत्राच्या जन्माच्या वेळी एक बंद रस्ता होता आणि एक खोललेली, न चालणारी गाडी होती.

पुढच्या काही वर्षांत त्यानं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी ट्रॅक तयार केला. १९३७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बी-७ गाडी बाजारात आली. १९४२ मध्ये बारा माणसांची बी-१२ आली. डॉक्टर, टपालखातं, शाळेची मुलं यांच्यासाठी या गाड्या धावल्या. मग १९४८ मध्ये क्विबेकच्या सरकारनं खेड्यातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायला सुरुवात केली. मोठ्या गाड्यांची गरज एकदम कमी झाली आणि धंदा घसरला.

त्यातून दुसरी गाडी जन्माला आली. एकदोघांनी बसायची, हलकी, मोटरसायकलसारखी. १९५९ मध्ये ती 'स्की-डू' या नावानं विकायला आली. पहिल्या वर्षी विकल्या गेल्या २२५.

हे काम एकटा बोंबार्दिएच करत होता असं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल इलायसननं १९२४ मध्येच इंजिनाची घसरगाडी केली होती. मिनेसोटातल्या रोझो गावात शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात १९५६ च्या सुमारास एक गाडी जोडली गेली. धान्य वर चढवणाऱ्या यंत्राचा पट्टा ट्रॅक म्हणून, मोटारीचं बंपर वाकवून केलेले स्की आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं छोटं इंजिन. कामगारांचा पगार द्यायला पैसे हवे होते म्हणून ती गावातल्याच एका लाकूड व्यापाऱ्याला ४६५ डॉलरला विकली. पुढे तो कारखाना पोलारिस म्हणून ओळखला गेला.

हलकी गाडी झाली, छोटं इंजिन मिळालं. पण ताकद इंजिनापासून ट्रॅकपर्यंत न्यायची कशी?

बेल्टची स्वतःची गोष्ट

पट्ट्यानं ताकद नेणं आपल्याला नवीन नाही. पिठाची गिरणी आठवा. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला जातं, मध्ये लांब चपटा पट्टा फटफटत फिरतोय. पट्टा घसरायला लागला की गिरणीवाला त्याला राळ लावतो.

चपट्या पट्ट्याला ताण फार लागतो. त्यावर उपाय म्हणजे पाचरीच्या आकाराचा पट्टा. वर रुंद, खाली अरुंद. तो पुलीच्या खाचेत बसतो आणि ओढला गेला की आणखी घट्ट रुततो. रबर आणि धाग्यांचा असा पट्टा अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्सनं १९१७ मध्ये तयार केला. आज पाण्याच्या पंपापासून मळणीयंत्रापर्यंत सगळीकडे तोच आहे.

आता पुढची पायरी. समजा पुलीच्या दोन बाजू एकमेकींपासून लांब जाऊ शकल्या आणि जवळ येऊ शकल्या, तर? जवळ आल्या की पाचर वर ढकलली जाते, पट्टा मोठ्या वर्तुळावर फिरतो. लांब गेल्या की पट्टा खाली उतरतो, वर्तुळ लहान होतं. सायकलच्या गिअरचं काम झालं, पण पायऱ्या न चढता, उतारावरून चालल्यासारखं.

कॅलिफोर्नियात फॉस्टर साल्सबरी नावाचा माणूस १९३६ पासून स्कूटर बनवत होता. १९३७ मध्ये त्यानं आपल्या स्कूटरला अशी आपोआप बदलणारी पुली लावली. युरोपात नेदरलँड्सच्या हुब व्हान डोर्ननं हेच तत्त्व मोटारीत आणलं. १९५८ मध्ये आलेली डाफ ६०० ही छोटी मोटार दोन रबरी बेल्टांवर चालायची.

स्कूटर आणि मोटार यांच्यासाठी ही सोय होती. बर्फगाडीसाठी मात्र ती गरज ठरली. एक तर बर्फ सारखा बदलतो. इथे कडक, पुढे भुसभुशीत, मग चढ. जाड हातमोजे घालून कोण सारखे गिअर बदलणार? दुसरं, हलक्या गाडीला टू-स्ट्रोक इंजिन सोयीचं, आणि असं इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या आसपासच खरी ताकद देतं. त्याच्या खाली ते मरगळतं. म्हणजे गाडीचा वेग कितीही असो, इंजिनाच्या फेऱ्या त्या ठरावीक आकड्याजवळ ठेवणारं काहीतरी हवं. बेल्ट आणि दोन बदलत्या पुल्या नेमकं हेच करतात. साठच्या दशकात साल्सबरीच्या पद्धतीचे क्लच बर्फगाड्यांत रुळले, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे.

१९६० मध्ये रोझोच्या एडगर हेटीननं तीन सोबत्यांबरोबर अलास्कात बेथेल ते फेअरबँक्स असा हजार मैलांहून लांब प्रवास बर्फगाडीनं करून दाखवला. एप्रिल १९६८ मध्ये मिनेसोटाचा विमा-विक्रेता राल्फ प्लेस्टेड स्की-डू गाड्यांवरून उत्तर ध्रुवावर पोचला. त्या तुकडीत बोंबार्दिएचा पुतण्या जाँ-लुक होता. अमेरिकी हवाई दलाच्या विमानानं ती जागा पडताळून पाहिली. गोठलेल्या समुद्रावरून, बर्फाच्या उंचवट्यांवरून आपटत, ती सगळी वाट रबराच्या पट्ट्यांवर कापली गेली.

दोन पुल्या, दोन कान

आता बॉनेट उघडू. बहुतेक जुन्या गाड्यांत डाव्या बाजूला, झाकणाखाली, दोन पुल्या दिसतात. मेकॅनिक त्यांनाच क्लच म्हणतात. दोन बशा पाठीला पाठ लावून ठेवाव्यात, तशी प्रत्येकीची रचना.

पुढची पुली इंजिनाच्या दांड्यावर असते. तिच्या आत वजनं आणि एक स्प्रिंग. इंजिन फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि बशी आत ढकलतात. स्प्रिंग त्यांना अडवते. साधारण तीन ते चार हजार फेऱ्यांना वजनं जिंकतात, बशा बेल्टला चिमटीत धरतात आणि गाडी हलते.

मागची पुली साखळीच्या पेटीमार्फत ट्रॅकशी जोडलेली असते. तिच्यातही स्प्रिंग आहे, आणि शिवाय पिळाचा एक तिरपा उतार. चढ आला, खोल बर्फ आला की ट्रॅक अडतो. तो अडल्यावर या उतारामुळे मागच्या बशा पुन्हा मिटतात, बेल्ट वर येतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरला जाते.

सोपं करून सांगायचं तर पुढची पुली इंजिनाचं ऐकते आणि मागची पुली बर्फाचं. दोघींमध्ये निरोप नेणारा एकच, तो बेल्ट. दोघींपैकी कोणाचंही काही बिनसलं तरी मार त्यालाच बसतो. म्हणून बेल्ट तुटला की नवा चढवून पुढे निघणं ही अर्धीच दुरुस्ती.

जुन्या गाड्यांचं दुखणं

१९७० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत बर्फगाड्यांचं अक्षरशः वेड पसरलं. शंभरावर कंपन्या त्या बनवायला लागल्या. १९७१ च्या आसपास वर्षाला जवळजवळ पाच लाख गाड्या खपत होत्या. मग १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, काही हिवाळ्यांत बर्फ कमी पडला, आणि एकेक कंपनी बंद होत गेली. ऐंशीच्या दशकात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या. शेतकऱ्यांच्या गोठ्यात, सरोवरांकाठच्या झोपड्यांत. त्यांचे मूळ सुटे भाग मिळेनात. मग 'साधारण तसाच' बेल्ट बसवला जाऊ लागला, आणि इथेच गडबड सुरू झाली. कारण या रचनेत बेल्टची लांबी, वरची रुंदी आणि कडांचा कोन, तिन्ही जुळावं लागतं. हाताला सारखा वाटणारा बेल्ट गाडीला सारखा असेलच असं नाही.

तर जुनी गाडी समोर आली की काय पाहायचं? किल्ली काढलेली, इंजिन थंड, हा पहिला नियम. झाकण काढून इंजिन फिरवायचं नाही. तुटलेल्या बेल्टचा तुकडा माणसाला जबर जखमी करू शकतो. पुढच्या पुलीतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, योग्य अवजार नसेल तर ती खोलायच्या भानगडीत पडू नका.

मग बेल्ट हातात घ्या आणि वाचा.

एकाच जागी जळून कमरेसारखा बारीक झालाय? म्हणजे ट्रॅक गोठून जाम झाला होता आणि चालकानं तरीही रेस दिली. पुढची पुली उभ्या बेल्टवर गरागरा फिरली. बेल्टचा यात काही दोष नाही. गाडीचा मागचा भाग उचलून ट्रॅक आधी मोकळा करायचा, मगच निघायचं.

दोन्ही कडा सगळीकडे काचेसारख्या चकचकीत झाल्यात? बेल्ट घसरत होता. पुलीला तेल लागलं असेल, स्प्रिंग थकली असेल किंवा बेल्ट सैल असेल. पुल्या कोरड्या घासून स्पिरिटनं पुसायच्या, बेल्ट कोमट पाण्यानं आणि साबणानं धुऊन वाळवायचा. आणि गिरणीची सवय इथे आणायची नाही. राळ बिलकुल लावायची नाही. हा बेल्ट सतत वर-खाली सरकायला हवा. चिकट झाला तर पुलीच्या तोंडावर अडकेल आणि आणखी तापेल.

आतले दाते तडकलेत? रबर म्हातारं होऊन कडक झालंय, किंवा कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू करून लगेच पळवलीय. पाच मिनिटं हळू चालवून बेल्टला ऊब येऊ द्यायला हवी होती.

एका कडेनं धागे लोंबताहेत? दोन पुल्या एका रेषेत नाहीत. या खुणेकडे आपण पुन्हा येणार आहोत.

काहीच दिसत नाही, पण रुंदी नव्यापेक्षा तीनेक मिलिमीटरनं कमी भरते? तरीही बेल्ट संपलाय. अरुंद बेल्ट मागच्या पुलीत खाली बसतो, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुरू केल्यासारखी जड उठते. उलट बेल्ट फार घट्ट असेल तर रेस न देताच गाडी पुढे सरकायला बघते.

आता गाडीचं वागणं. फेऱ्या खूप, वेग कमी, म्हणजे बेल्ट घसरतोय किंवा पुढची वजनं हलकी आहेत. फेऱ्याच चढत नाहीत, तर क्लचला हात लावू नका. आधी इंजिन बघा. प्लग, कार्बुरेटर, कॉम्प्रेशन. इंजिन नीट असेल तरच वजनं जड आहेत का, पुढची स्प्रिंग थकलीय का, ते बघायचं. वेग कमी करून पुन्हा रेस दिल्यावर गाडी झोपेतून उठल्यासारखी करते? मागच्या पुलीतल्या प्लास्टिकच्या गोट्या झिजल्यात किंवा तिची स्प्रिंग ढिली झालीय.

एक जुनी युक्ती सांगतो. पुढच्या पुलीच्या बशीवर मार्कर पेननं मधून बाहेरपर्यंत एक रेघ ओढायची, झाकण लावायचं आणि गाडी पूर्ण वेगानं पळवून आणायची. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंतची शाई पुसली जाते. वर रेघ शिल्लक राहिली तर समजायचं, गाडी शेवटच्या गिअरपर्यंत पोचतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती लिहून ठेवायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कधीच कळत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगतो.

आपल्या हिमालयात यात आणखी एक भर पडते. सियाचेनमध्ये आपलं सैन्य स्नो-स्कूटर वापरतं, गुलमर्गला पर्यटक वापरतात. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची साधारण पाव भाग ताकद कमी होते. क्विबेकच्या सखल भागासाठी निवडलेली वजनं इथे जड पडतात, फेऱ्या खाली येतात. म्हणून उंचावर हलकी वजनं लागतात आणि कार्बुरेटरचं पेट्रोलही कमी करावं लागतं. दोष गाडीचा नाही, गाडीचं गाव बदललंय.

गुलमर्गची शेड

त्या संध्याकाळी आम्ही खाली पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पत्र्याच्या शेडमध्ये बुखारी पेटलेली होती. तिथले उस्ताद पन्नाशीचे, शांत. त्यांनी बाबांना बुखारीशेजारी बसवलं, कहवा दिला आणि चालकाला झापलं, तीन माणसं का बसवली म्हणून.

बाबांनी खिशातून बेल्ट काढला. दिव्याखाली धरून बोटानं कड चाचपली आणि विचारलं, "उस्तादजी, पुराने पट्टे फेंक दिए क्या?"

फेकले नव्हते. सामान बांधायला उपयोगी पडतात म्हणून त्या गाडीचे मोसमातले तीन तुटके बेल्ट खिळ्याला लटकत होते. बाबांनी चारही बेल्ट अक्षरं एकाच बाजूला येतील असे बाकावर शेजारी शेजारी मांडले. चौघांचीही एकच कड उसवली होती. धागे एकाच बाजूनं लोंबत होते.

उस्ताद म्हणाले, "पुल्या मी स्वतः पट्टी लावून बघितल्यात. एकदम सरळ आहेत." खोटं नव्हतं. त्यांनी पट्टी आणून पुन्हा दाखवलं. एका रेषेत.

"इंजन बंद है ना," बाबा म्हणाले. "बंद में सब सीधा रहता है."

मग त्यांनी पुढची पुली दोन्ही हातांनी धरली आणि मागच्या पुलीच्या दिशेनं जोरात ओढली. इंजिन हललं. एका कोपऱ्यातून तिरकं. त्या कोपऱ्यातलं इंजिनाखालचं जाड रबर फाटलेलं होतं. वरून दिसत नव्हतं. गाडी उभी असताना इंजिन आपल्या जागी बसायचं. चढावर बेल्ट ताणला की इंजिन तिरकं व्हायचं, पुढची पुली वाकडी व्हायची आणि बेल्टची एक कड कापली जायची. तीन माणसांच्या वजनानं त्या दिवशी मरण लवकर आलं, इतकंच. आधीचे तीन बेल्ट एकेकट्या पर्यटकाखाली गेले होते.

उस्तादांनी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं रबर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी बसवलं. आम्हाला हॉटेलवर सोडताना त्यांनी बाबांचा हात बराच वेळ सोडला नाही.

पीथमपूरचा धागा

काश्मिरातल्या बर्फात इंदूरचा माणूस हे कसं ओळखू शकला? याचं उत्तरही इतिहासातच आहे. १९८४ मध्ये पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आल्या, आणि इंदूरजवळच्या पीथमपूरला बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा स्कूटर बनायला लागली. आपल्या देशात बेल्टची ही गाडी घरोघर पोचली. तिच्यामुळे साड्या नेसणाऱ्या माझ्या दोन मावश्या आणि एक काकू स्कूटर शिकल्या. बाबा तेव्हापासून बेल्ट आणि बदलत्या पुल्यांच्या गाड्या दुरुस्त करत होते. साल्सबरीच्या स्कूटरवरून बर्फात गेलेलं तत्त्व पुन्हा स्कूटरवरून आमच्या गल्लीत आलं होतं.

त्या गल्लीतली एक गोष्ट सांगून थांबतो. मी नववीत होतो. बाबा जेवायला गेले असताना एका नर्सबाईंच्या बिनगिअर स्कूटरचा बेल्ट मी एकट्यानं बदलला. मोठी फुशारकी वाटली. पुलीतले रोलर काढून पाहायचे मला सुचलंही नाही. ते एका बाजूनं झिजून चपटे झाले होते. तिसऱ्या रात्री ड्युटीवर जाताना महूच्या रस्त्यावर नवा बेल्टही गेला. रात्री अकरा वाजता त्या एकट्या गाडी ढकलत चालत गेल्या. सकाळी आल्या, रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भाऊ, रात्रपाळीची बाई माझी वाट बघत तिथेच थांबली होती. तिचं तान्हं घरी होतं."

बाबा मलाही ओरडले नाहीत. रोलर काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "बेल्ट एकटा कधी मरत नाही. त्याला कोणी मारलं ते आधी विचार."

मी पुढे गॅरेज चालवलं नाही, इतिहासाकडे वळलो. पण काम तेच करतोय असं मला वाटतं. एखादं राज्य बुडालं, गिरणी बंद पडली, गाव उठलं, की आपण शेवटी जे तुटलं त्याच्याकडे बोट दाखवतो. वजन जास्त झालं म्हणतो. जुने तुकडे शेजारी शेजारी मांडून बघायला वेळ लागतो, आणि ते टाकून न दिलेला कोणीतरी असावा लागतो.

बाबा आता नाहीत. हा बेल्ट त्यांच्या कोटाच्या खिशात सापडला. आजही एका कडेनं उसवलेला आहे.